चालत्या घराच्या छपरावरील वीज



अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चाकांवरचे घर घेऊन महिनेन् महिने हिंडणारी मंडळी पुष्कळ आहेत. एका मोठ्या मोटारीतच निजण्याची जागा, शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसा फ्रिज असतो. रानात मुक्काम पडला की वीज आणायची कोठून? जनित्र लावावे, तर तेल जळते आणि त्याची धडधड झोपू देत नाही. म्हणून ही मंडळी छपरावर सौर पॅनेल बसवतात.

सिलिकॉनचा सौर घट बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे मांडला. १९५८ साली तो व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अंतराळात गेला. पुढे तो घरांच्या छपरांवर आला आणि आता मोटारीवरही चढला आहे.

मोटारीचे छप्पर मात्र घराच्या छपरासारखे नसते. ते थोडे वाकलेले असते आणि त्यावर फार ओझे चालत नाही. काचेचे शंभर वॉटचे पॅनेल सहा-सात किलो भरते. तेच घट काचेऐवजी प्लास्टिकच्या थरांत बसवले, की वजन दोन किलोंच्या आसपास येते आणि पॅनेल थोडे वाकतेही. यालाच लवचीक पॅनेल म्हणतात. पण लवचीक म्हणजे चटईसारखे गुंडाळता येणारे, असे समजू नका. आतले सिलिकॉन ठिसूळच असते. फाजील वाकवले किंवा वर पाय पडला, तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते.

आपण म्हणाल, मग डिंकाने चिकटवले की झाले! खरी गोम तिथेच आहे. काचेच्या पॅनेलखालून वारा खेळतो. हे तर पत्र्याला घट्ट चिकटते. उन्हात घट साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज तापतो, आणि पंचवीस अंशांपुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वीज घटते. म्हणजे चाळीस अंश चढले, की सोळा टक्के वीज गेली. शिवाय उष्णतेने प्लास्टिक लवकर पिवळे पडते. म्हणून जाणती माणसे खाली पोकळ, पन्हाळीदार प्लास्टिकचा पत्रा घालून हवेला वाट ठेवतात.

दुसरा शत्रू सावली. पॅनेलमधले घट एकापुढे एक जोडलेले असतात. पाटाला एका जागी बांध घातला की पुढचे शेत कोरडे राहते, तसेच येथे होते. छपरावरच्या पंख्याची सावली दोन-चार घटांवर पडली, तरी पुष्कळ वीज अडते. तेव्हा आधी दिवसभर सावली कोठून कोठे सरकते ते पाहावे, मगच जागा ठरवावी.

जोडणीचा क्रमही ध्यानात ठेवा. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. नाही तर बॅटरी जास्त भरून बिघडते. आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. ऊन पडताच पॅनेल वीज देऊ लागते, म्हणून काम संपेपर्यंत ते जाड कापडाने झाकावे. बॅटरीजवळ फ्यूज नसेल, तर एका घासलेल्या तारेने सारे घर पेट घेऊ शकते. तार आत नेण्यासाठी पाडलेले भोकही नीट बुजवावे; नाही तर पहिल्याच पावसात छप्पर गळेल.

आता हिशेब करू. दोनशे वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी सातशे-आठशे वॉट-तास देते. दहा वॉटचा दिवा पाच तास म्हणजे पन्नास, वीस वॉटचा पंखा आठ तास म्हणजे एकशेसाठ. उरले ते फ्रिजला. ढगाळ दिवशी मात्र हात आखडावा लागतो.

गुरुजनहो, ही वजाबाकी मुलांकडून फळ्यावर करवून घ्या. शाळेच्या छपरावर पॅनेल आले, तरी उष्णता, सावली आणि हिशेब हे तीन प्रश्न तेच राहतील. मात्र छप्पर पक्के असेल आणि वजन पेलत असेल, तर काचेचेच पॅनेल घ्यावे. ते अधिक टिकते. ज्याचे छप्परच हलते-फिरते आहे, त्याने लवचीकपणासाठी आयुष्याची थोडी किंमत मोजावी. फुकट आहे ते फक्त ऊन. ते पकडण्याला मात्र अक्कल लागते.