लाइट आली, बॅटरी घे!

आज एका वाक्यापासून सुरुवात करू. आमच्या पिंपळीत शेतीची वीज रात्रीची असली की घराघरांत ऐकू येतं, "लाइट आली बघ. बॅटरी घे, मोटर चालू करून ये, आन् डीपीकडं पण बघ जरा."

चार इंग्रजी शब्द. पण लंडनच्या माणसाला यातलं फारसं काही कळायचं नाही. त्याच्या लेखी लाइट म्हणजे उजेड. आपल्या लेखी वीज. म्हणून तर भर दुपारी, लख्ख उन्हातही आपली 'लाइट जाते'! मोटर म्हणजे विहिरीवरचा पंप, आणि तोच शब्द 'मोटार' झाला की चारचाकी गाडी. डीपी म्हणजे शेताकडेचा ट्रान्सफॉर्मर. "डीपी जळाला" ऐकून व्हॉट्सॲप उघडलंत, तर घरचे हसतील.

बॅटरीची गोष्ट तर फारच भारी आहे. मुळात हा फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द, अर्थ मारहाण. इंग्रजी कायद्यात आजही तो अर्थ आहे. पुढे मारा करणाऱ्या तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणू लागले. 1749 साली बेंजामिन फ्रँकलिननं वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या एकमेकींना जोडल्या आणि त्या रांगेला तेच नाव दिलं. मग सेल आले, आणि आपल्याकडं सेल घातलेला दिवाच बॅटरी झाला.

कुणी म्हणेल, "चुकीचं आहे, त्याला टॉर्च म्हणतात." बरं, पण टॉर्च म्हणजे मुळात मशाल! इंग्रजांनी मशालीचं नाव दिव्याला दिलं, आपण सेलचं दिलं. मग चूक कुणाची?

हे सांगायचं कारण एवढंच, की असे शब्द तोंडातून गेले म्हणून गावाकडची पोरं शहरात गप्प बसतात. कुणीतरी हसतं, आणि येत असलेलं उत्तरही घशात अडकतं. इंग्रजीतला 'नाइस' एकेकाळी 'मूर्ख' या अर्थाचा होता. अर्थ सगळीकडेच सरकतात.

फक्त समोर कोण आहे ते बघायचं. इंटरव्ह्यूत इंग्रजी बोलताना 'पॉवर कट' म्हणा, 'पंप' म्हणा, कारण समोरच्याला कळायला हवं. रानात बॅटरीच म्हणा. दोन्ही अर्थ येणं म्हणजे एक शब्द जास्त येणं.

तुमच्या गावात कोणत्या इंग्रजी शब्दाचा अर्थ असा बदललाय? आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!