मुलांचे वजन आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या समारंभात आपण मुलांच्या बुद्धीचा गौरव केला. त्या बुद्धीला आधार देणाऱ्या शरीराविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा मी मागतो.

मूल अंगाने भरत नाही, ही आपल्या वाडवडिलांची चिंता आजही संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३२ मुले वजनाने कमी आढळली. परंतु युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे, जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत अतिस्थूलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांहून प्रथमच अधिक झाले आहे. म्हणून वजन योग्य की अयोग्य, हे शेजाऱ्यांच्या नजरेने ठरवू नये. वय, उंची व वजन पाहून ते डॉक्टरांनी ठरवावे.

वजन अधिक असले तरी वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. पुष्कळदा वजन आहे तेथे राखले तर वाढती उंची उरलेले काम करते. ते राखावयाचे कसे? घरात काय आणावे, हे मूल ठरवीत नाही. पाव लिटर शीतपेयात साधारण पाच-सहा चमचे साखर असते. ती बाटली आपणच विकत आणतो. मुलासाठी वेगळे पथ्य न करता सर्वांनीच भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक आणि ऋतुमानाची फळे घ्यावीत. जेवताना मोबाइल दूर ठेवावा, तो वडिलांनी आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारा खेळ वा व्यायाम हवा. प्राथमिक शाळेतील मुलास ९ ते १२ तास झोपही हवी.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. मुलाला 'जाड्या' म्हणून हाक मारणारे बहुधा घरचेच असतात. मुलगी दहा वर्षांची होते न होते तोच 'हिला स्थळ कसे मिळेल?' हा प्रश्न तिच्यादेखत निघतो. वधूवर मेळावे भरविणाऱ्या आपल्या मंडळाने याचा विचार केलाच पाहिजे. अशा बोलण्याने वजन उतरत नाही. मूल चोरून खाऊ लागते किंवा अन्नच टाळते. शिक्षक या नात्याने सांगतो, कवायतीच्या तासाला पोटदुखीचे निमित्त करून बसणारा स्थूल विद्यार्थी बहुधा आळशी नसे. तो इतरांच्या हसण्याला भ्यालेला असे. ज्याला खेळाची अधिक गरज, तोच थट्टेमुळे मैदानापासून दुरावतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पुढील संमेलनात शीतपेयांऐवजी ताक द्यावे आणि बक्षिसांत चॉकलेटच्या डब्यांऐवजी चेंडू व दोरीउड्यांच्या दोऱ्या असाव्यात. मुलांच्या शरीरावर थट्टा करणार नाही, असा निश्चय मात्र प्रत्येकाने आजच करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.