उकळतां उकळतां गोठविणारा अमोनिया

नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यास जो झोंबरा दर्प येतो, तोच बर्फाच्या कारखान्याजवळ कधीं कधीं जाणवतो. तो अमोनियाचा. पाणी १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. द्रवरूप अमोनिया शून्याखालीं ३३ अंशांवरच उकळूं लागतो आणि शून्याखालीं ७८ अंशांच्या सुमारास गोठतो. मात्र दाबापुढें तो लवकर नमतो. ३० अंशांच्या उष्म्यांतहि हवेच्या सुमारें १२ पट दाब दिला कीं वायूचा द्रव होतो. १८२३ सालीं फॅरडेनें बंद नळींत त्याचा असा द्रव केला होता.

कारखान्याचें सारें रहस्य पुढें आहे. दाब काढतांच हा द्रव उकळतो, आणि एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारें ३२७ कॅलरी उष्णता लागते. ती तो नळीभोंवतालच्या खाऱ्या पाण्यांतून ओढून घेतो. त्या पाण्यांत बुडविलेल्या डब्यांतील गोडें पाणी गोठतें. मग पंप वायूला पुन्हां दाबतो, गार पाण्यानें त्याची उष्णता काढतात, आणि तोच अमोनिया परत कामास लागतो.

हा वायू हवेहून हलका, तेव्हां गळती झाली तरी वर निघून जाईल, असा भरवसा मात्र धरूं नये. गळलेल्या द्रवाचें थंड धुकें जमिनीलगत पसरतें. पाण्यांत तो विलक्षण विरघळतो, म्हणूनच ओले डोळे व घसा प्रथम गांठतो. नाकावर ओलें फडकें धरून, धुक्याला वळसा घालून, वारा येतो त्या बाजूस निघावें. डोळे निदान १५ मिनिटें पाण्यानें धुवावे. सांडलेल्या द्रवावर मात्र पाणी ओतूं नये. त्याची ऊब मिळून तो अधिकच जोरानें उकळतो.