स्पीकरमधली घरघर आणि काढून टाकलेली अर्थची पिन

हे आजच्या भागाचं लेखी रूप. ऐकता ऐकता आकडे टिपून घेणं अवघड जातं, म्हणून ते इथे नीट मांडलेत. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

विषय आहे घरातल्या नेटवर्कवरून गाणी वाजवताना स्पीकरमधून येणारी घरघर, चरचर, टकटक. या विषयावरचे मेसेज सध्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून जास्त येतायत. कारण उघड आहे. फायबरचं इंटरनेट गावात पोचलं, लोकांनी छोटे स्ट्रीमर घेतले, कुणी रास्पबेरी पायवर स्वतःच जमवलं, जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून खाली काढला. इंटरनेट नवं आलं, पण घरातली वायरिंग आणि अर्थिंग जुनंच राहिलं. शिरूरला एका निवृत्त गुरुजींकडे आणि दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे मी स्वतः जाऊन आलो. दोन्ही घरांत आवाज वेगळा होता, कारणही वेगळं होतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. विजेच्या गोंगाटामुळे नेटवर्कमधलं गाणं ‘थोडं कमी गोड’ होत नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला साधारण १४ लाख बिट पाठवतं. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झची फाइल घेतली तरी सुमारे ९२ लाख. अगदी साधा लॅन पोर्टसुद्धा सेकंदाला १० कोटी बिट नेतो. शिवाय प्रत्येक पाकिटाबरोबर पडताळणीचा आकडा असतो. पाकीट बिघडलं तर ते टाकून देतात आणि परत मागवतात, तोवर बफरमधलं गाणं वाजत राहतं. नेटवर्क खरंच खराब असेल तर गाणं अडकेल, थांबेल. तंबोऱ्याचा जवारीदार नाद तेवढा पातळ झाला, असं होणार नाही. त्यामुळे ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या स्विचवर पैसे घालण्याआधी हा भाग पुरता वाचा.

मग घरघर येते कुठून? बिट ज्या तारेतून येतात त्याच तारेच्या धातूतून, तिच्या शील्डमधून, अ‍ॅडॉप्टरमधून नको असलेला प्रवाहही येतो. तो डॅकच्या पुढे, म्हणजे गाणं आकड्यांचं पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर झाल्यावर, अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीत शिरतो. ती जाळी म्हणजेच सिग्नलची परतीची वाट. तिथे काही मिलिव्होल्ट जरी पडले तरी अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाणंच समजतो आणि मोठं करून देतो.

आता शिरूर. गुरुजींचं घर दोन मजल्यांचं. वरचा मजला नंतर बांधलेला, त्याला मीटर वेगळा आणि अर्थिंगचा खड्डाही वेगळा. गाण्यांचा साठा वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्ट्रीमर खाली दिवाणखान्यात. दोन्हींमध्ये एक जाडजूड लॅन केबल, आत शील्ड, दोन्ही टोकांना धातूचे प्लग. दुकानदाराने ‘भारीतली’ म्हणून दिलेली. गुरुजी ऐकतात ख्याल. त्यांची तक्रारही गाणाऱ्या माणसाची होती: “अहो, तंबोऱ्याचा पंचम चढलेला वाटतो.”

मला ही तक्रार फार आवडली, कारण ती शब्दशः बरोबर होती. आपली वीज ५० हर्ट्‌झची. लहान स्पीकर ५० चा आवाज फारसा काढत नाहीत, कानाला लागतात त्या तिच्या पटी, १०० आणि १५०. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्‌झवर बोलते. शेजारी १०० ची घरघर उभी राहिली की दर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. पंचम हलतोय असंच वाटणार. गुरुजींच्या कानाने मीटरशिवाय निदान केलं होतं, फक्त कारण सापडत नव्हतं.

कारण असं. वरचा कॉम्प्युटर थ्री-पिनचा, म्हणजे त्याचा डबा वरच्या अर्थिंगला जोडलेला. त्या डब्यापासून लॅनची शील्ड, शील्डपासून स्ट्रीमरची बॉडी, तिथून आरसीएची जाळी, मग अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी आणि शेवटी खालचं अर्थिंग. पूर्ण फेरा झाला. आता दोन खड्ड्यांचं व्होल्टेज सारखं असतं असं आपण गृहीत धरतो, पण तसं नसतं. फ्रिज, पाण्याची मोटर, गिझर यांची थोडी थोडी गळती ज्या त्या खड्ड्यात उतरते. खड्डा कोरडा असला की जमिनीचा विरोध वाढतो आणि तिथलं व्होल्टेज वर उचललं जातं. उन्हाळ्यात मुरमात ओल ती कसली राहणार! केबल काढून मी तिचा धातूचा प्लग आणि खालच्या अर्थमध्ये मल्टिमीटर लावला, एसीवर दीड व्होल्टच्या आसपास दिसलं. स्ट्रीमरचा पूर्ण आवाजाचा सिग्नल साधारण दोन व्होल्टचा असतो. म्हणजे बघा, अर्थच्या फेऱ्यात फिरणारा दाब जवळजवळ गाण्याएवढाच. त्यातला अगदी थोडा भाग आरसीएच्या जाळीवर पडला तरी पंचम हलायला पुरे.

पण मी गेलो तेव्हा घरघर जवळजवळ बंद होती. म्हटलं हे कसं? तर कुणीतरी सल्ला दिला होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली वरची जाड पिन काढून टाकलेली होती.

मंडळी, इथे जरा थांबतो. आजचा भाग करायचं खरं कारण ही पिन आहे. हा सल्ला गावोगाव, दुकानोदुकानी दिला जातो, आणि तो लागूही पडतो, म्हणूनच पसरतो. फेरा तुटतो, घरघर जाते, माणूस खूश. पण बॉडीचं अर्थिंग आता कुठून होतंय? गुरुजींच्या घरात ते होत होतं आरसीएच्या जाळीतून आणि लॅनच्या केसासारख्या पातळ शील्डमधून, वरच्या मजल्यावर. उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला, तर तो सगळा प्रवाह या पातळ वाटेने जाणार. शील्ड जळाली की वाट संपली. फ्यूज उडायचं कारण उरलं नाही, आणि बॉडी २३० व्होल्टवर तशीच बसून राहिली. संध्याकाळी शाळेतून आला की अ‍ॅम्प्लिफायरचं बटण गुरुजींचा नातूच दाबतो, अनवाणी, धुतलेल्या फरशीवरून चालत येऊन. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा वहिनींनी उठून आधी मेन स्विच बंद केला. मला काही बोलावं लागलं नाही.

उपाय काय केला? प्लग नवा, तिन्ही पिनांचा. शील्डवाली केबल काढून साधी यूटीपी, कॅट सिक्स, प्लास्टिकच्या प्लगची. लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ते १५०० व्होल्टपर्यंत दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतात. शील्ड नसली की धातूने धातू जोडला जात नाही आणि फेरा तिथेच तुटतो. म्हणजे महाग केबलने जो त्रास दिला तो स्वस्त केबलने काढला. घरात वीस-पंचवीस मीटर अंतरासाठी शील्ड लागतच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर वायरमनला बोलावून दोन्ही खड्डे जाड तारेने एकमेकांना जोडून घेतले, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. खड्ड्याचा विरोध मल्टिमीटरने मोजता येत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो, तो वायरमनकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर दुसरा वायरमन बघा. अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०४३, ते माहीत असलेला माणूस भेटला तर उत्तमच. आपल्याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत तंत्रज्ञान शिकवायची परंपरा शिरूरला नवी नाही.

आता दौंड. काकांचं घर रेल्वेमार्गाजवळ. त्यांची खात्री होती की आवाज रुळांवरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेमुळे येतो. शंका अगदीच हवेतली नव्हती. विद्युतीकरण होतं तेव्हा रुळांना समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या उघड्या तारांमध्ये व्होल्टेज निर्माण होतं, म्हणून त्या काढून जमिनीखालच्या शील्ड केल्या केबलमध्ये किंवा फायबरवर घ्याव्या लागतात. काकांनी हे नोकरीत पाहिलेलं. पण कित्येक किलोमीटर समांतर धावणारी तार वेगळी आणि दिवाणखान्यातली दोन मीटरची आरसीए वेगळी. मी म्हटलं, “काका, वाद नको, वही घ्या. गाडी गेली की वेळ लिहा, चरचर आली की वेळ लिहा.” दौंडसारख्या जंक्शनात गाड्यांना तोटा नाही. तीन संध्याकाळी लिहिल्यावर काकांचाच फोन आला: “गाडीचा संबंध नाही रे बाबा. अंधार पडला की सुरू होतंय.”

अंधार पडला की काय होतं? दिवे लागतात. इथे माझं आवडतं यंत्र कामाला आलं, खिशातला जुना ट्रान्झिस्टर. मीडियम वेव्हवर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्‌झला लागतं. तिथून काटा जरा बाजूला, जिथे स्टेशन नाही अशा जागी न्यायचा आणि घरभर फिरायचं. जिथे रेडिओ जोरात चरचरेल तिथे गोंगाटाचा उगम. काकांकडे दोन जागा निघाल्या: छतातले स्वस्त एलईडी पॅनेल आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि प्रत्येक काप म्हणजे एक टोकदार झटका. अ‍ॅम्प्लिफायर त्याच बोर्डावर होता. त्याला मीटरजवळून वेगळी लाइन ओढली, दोन पॅनेल बदलले, रेग्युलेटर कपॅसिटरवाला टप्प्याटप्प्यांचा घातला. चरचर पार खाली आली.

या कामाचे आपल्याकडचे खरे उस्ताद कोण ठाऊक आहे? जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की विजेच्या तारेवरची बारीक ठिणगीसुद्धा त्यांना त्रास देते. ते अँटेनांचा सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत आणतात. आपण घरी तेच लहान प्रमाणात करू शकतो: दोन मीडिया कन्व्हर्टर, मधे थोडी फायबर. काचेतून घरघर जात नाही. फक्त स्ट्रीमरकडच्या कन्व्हर्टरचा अ‍ॅडॉप्टर टाकाऊ असेल तर पुढच्या दाराने काढलेला चोर मागच्या दाराने येतो. आणि फायबरही नको असेल तर वायफाय आहेच. त्यात तारच नाही. स्ट्रीमर वायफायवर टाकून बघणं ही फुकटची पहिली चाचणी. लॅन काढताच घरघर गेली तर वाट लॅनची होती, नाही गेली तर लॅनला दोष देऊ नका.

अ‍ॅडॉप्टरबद्दल एक. दोन पिनांचा छोटा अ‍ॅडॉप्टर लावलेल्या धातूच्या डब्यावर बोट फिरवलं की मुंग्या येतात ना? अ‍ॅडॉप्टरच्या आत मेन्सच्या बाजूपासून आउटपुटपर्यंत एक कपॅसिटर मुद्दाम ठेवलेला असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह झिरपतो. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो पाव मिलिअँपिअरच्या आत असतो, धोक्याचा नाही. बिनशिक्क्याच्या अ‍ॅडॉप्टरचा भरवसा मी देत नाही. राउटर, स्विच, स्ट्रीमर सगळ्यांचं झिरपणं एकत्र होऊन आरसीएतूनच अर्थला जातं. म्हणून ही सगळी मंडळी आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ठेवा. फेराइटचे क्लिप लावता येतात, पण ते उंच फ्रिक्वेन्सीच्या चरचरीवर चालतात. ५० हर्ट्‌झच्या घरघरीला त्यांचा काही उपयोग नाही, कितीही लावा.

काकांचा इन्व्हर्टर राहिला. वीज गेली की स्पीकर भुंग्यासारखा आवाज करायचा. तो स्क्वेअर वेव्हचा निघाला. चौकोनी लाट म्हणजे ५० बरोबर १५०, २५०, ३५० अशी सगळी वरात. याला फिल्टर शोधत बसू नका. बॅटरी तीच ठेवून साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, किंवा वीज नसताना फोनवर हेडफोन लावून ऐका. काकांनी दुसरा मार्ग पत्करला. खास ऑडिओ स्विचसाठी त्यांनी बाजूला काढलेले पैसे होते, त्यात आरसीसीबी आणि नवं अर्थिंग झालं.

फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एक ‘टक’ अजून येते. तीही काढता येईल म्हटलं. काका म्हणाले, “राहू दे, फ्रिज चालू आहे एवढं तरी कळतं.”