पडद्यावरील देवालयदर्शन



आपल्या सोलापुरातील कित्येक वृद्ध भाविकांस आता गोव्याची यात्रा झेपत नाही. जुन्या गोव्याचे बॉम जेझू मंदिर त्यांस घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर चहूबाजूंनी पाहता येते, ही सोय आम्ही मोठीच समजतो. तेथील संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची समाधी फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी ह्याने घडविली. ती 1698 साली बसविण्यात आली. तिच्यावरील ब्राँझचे चार पट गर्दीत नीट दिसत नाहीत. पडद्यावर मात्र संतांचा मृत्युप्रसंग सावकाश न्याहाळता येतो. आणि विणकरांच्या गावास बारीक कामाची पारख कोणी शिकवावयास नको!

परंतु बाहेरच्या तांबड्या भिंती मूळच्याच तशा, असे कोणी समजू नये. 1605 साली अभिषेक झालेल्या ह्या मंदिरास चुन्याचा गिलावा होता. 1950 नंतरच्या दशकात तो काढण्यात आला. जांभा दगड सच्छिद्र. गिलाव्यावाचून तो पावसाचे पाणी पितो व झिजत जातो. चित्र हे सांगत नाही. म्हणून तरुणांनी आजीआजोबांस नुसता पडदा उघडून देऊ नये. शेजारी बसून ही हकीकतही सांगावी, अशी आमची विनंती आहे.