वडील आणि सेवक
(महोत्सवाच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजच्या दिवशीं मंदिर, घंटा व देणगीदार यांचें स्मरण उचितच आहे. परंतु ख्रिस्तसभा दगडांपेक्षां सेवेवर उभी असते. यास्तव त्या सेवेच्या दोन पदांविषयीं चार शब्द सांगतों.

येरुशलेमेच्या आद्य मंडळींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या अन्नवाटपांत उपेक्षा होऊं लागली व कुरकुर उठली. तेव्हां प्रेषितांनीं प्रार्थना व वचनसेवा आपणांकडे ठेविली आणि मंडळीनें निवडलेल्या सात पुरुषांवर हात ठेवून त्यांस पंक्तीची सेवा सोंपविली. या सातांतच परंपरा डिकनपदाचा उगम पाहते. वडिलांचें काम निराळें. संत पौलानें तीताला क्रेत बेटांत नगरोनगरीं वडील नेमावयास सांगितलें. आजाऱ्यानें वडिलांस बोलावून त्यांजकडून तैलाभ्यंग घ्यावा, असें संत याकोब लिहितो. ग्रीक 'प्रेस्बितेर' म्हणजे वडील, आणि 'दियाकोनोस' म्हणजे सेवक. आपले धर्मगुरु हेच ते वडील.

हा भेद दीक्षाविधींत डोळ्यांस दिसतो. नव्या धर्मगुरूच्या मस्तकीं बिशपांमागून उपस्थित सर्व धर्मगुरु हात ठेवितात. डिकनाच्या मस्तकीं मात्र एकटे बिशपच, कारण तो याजकपणासाठीं नव्हे, तर सेवेसाठीं वाहिलेला असतो. डिकन शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करितो, बाप्तिस्मा देतो, विवाह लावितो, प्रेतसंस्कार चालवितो. परंतु मिस्सा अर्पणें, पापांची क्षमा देणें व आजाऱ्यांस तैलाभ्यंग करणें हें त्याचें काम नव्हे.

कित्येकांस डिकनपद म्हणजे केवळ एक पायरी वाटते. पाश्चात्य ख्रिस्तसभेंत शतकानुशतकें तें तसेंच उरलें होतें. पण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६४ सालीं तें स्थायी पद म्हणून पुन्हां मोकळें केलें. पोप सहावे पौल यांनीं १९६७ सालीं त्याचे नियम घालून दिले. प्रौढ विवाहित पुरुषांसही तें मिळूं शकतें. २५८ सालीं रोम येथें हुतात्मा झालेले संत लॉरेन्स डिकनच होते. ख्रिस्तसभेचें धन मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढें त्यांनीं गोरगरीब उभे केले, अशी परंपरा आहे.

बंधुभगिनींनो, प्रत्येक धर्मगुरु आधीं डिकन होतो, आणि ती दीक्षा त्याच्यावरून कधींच पुसली जात नाहीं. वडीलपण सेवकपणाच्या पायावर चढतें; पाया काढला तर वडीलपणाचा केवळ मान उरतो. म्हणून महोत्सवाचा हिशेब मांडतांना प्रथम हें विचारूं या: आपल्या धर्मग्रामांतील कोणती विधवा आजच्या पंक्तीला राहून गेली? तिचें पान मांडल्यावांचून आपला उत्सव पुरा होणार नाहीं.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.