दोन पाळण्यांमधले अंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण हळदीकुंकवातही आपण जे कुजबुजून बोलतो, ते आज मोठ्याने बोलणार आहे.

माझी थोरली आठ महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. सासूबाई म्हणत, "अंगावर पाजतेस ना, मग काही होत नाही." त्यांचेही ऐकीवच! माझ्या अंगात रक्त नव्हते. बाळ अपुऱ्या दिवसांचे आले आणि तिसऱ्या दिवशी गेले. मला मूल नको होते असे नाही. इतक्या लवकर नको होते. हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही.

अंगावर पाजण्याचे खरे इतकेच: मूल सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस केवळ आईच्या दुधावर आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच दिवस राहण्याचा संभव थोडा. एक सुटली की भरवसा संपला.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १०० विवाहित स्त्रियांमागे ९ हून अधिक अशा निघाल्या, की ज्यांना मूल लांबवायचे किंवा थांबवायचे आहे, पण हाती साधन नाही. आणि बायकांचे ऑपरेशन १०० त ३८, तर पुरुषांचे १००० त ३! वास्तविक पुरुषांचे अधिक सोपे, बिनटाक्याचे.

ऑपरेशनने पाळणा थांबतो. लांबवायचा असेल तर गोळ्या, निरोध, तांबी आणि दर तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन आहे. सरकारी दवाखान्यात हे सारे फुकट मिळते. 'अंतरा'ने पाळी पुढेमागे होते, कधी बंदही होते. हे आधी सांगितले, तर बाई घाबरून मध्येच सोडत नाही.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. ओळखीची आशाताई मागे राहते, गोळ्या संपतात, इंजेक्शनची तारीख टळते. म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाच्या बायकांनी दिवाळीआधी पाड्यांवर जावे, जाणाऱ्या बहिणींची आशाताईंशी गाठ घालून द्यावी. पुरेशा गोळ्या आणि इंजेक्शनचे कार्ड त्यांच्या गाठोड्यात पडेल असे पाहावे.

यंदा माझी थोरली बाळंतपणाला माहेरी आली. बारशाआधीच मी तिला विचारले, "दुसरे कधी हवे?" ती लाजली, पण बोलली. मग जावईबापूंनाही बोलावून दोघांना सिस्टरकडे नेले.

मला जे कोणी विचारले नाही, ते तुम्ही आपल्या लेकीसुनांना विचारा.